बहात्तर बिया

दुकानात तिला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मालकीण, तव्यावरची बाई, दूध टाकायला येणारा, सगळे तिला ‘बहात्तर’ म्हणत. नवं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडे, कारण वयावरून म्हणावं तर तिला अजून पन्नासावंही लागलेलं नव्हतं.

ते नाश्त्याचं दुकान होतं. सकाळी सहाला उघडायचं, अकराला बंद. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाच आठवडे बागांतून ताजी चेरी यायची आणि तेवढेच पाच आठवडे तिथे चेरी-चॉकलेटचे बन मिळायचे. एका ट्रेमध्ये चोवीस बन, एका बनमध्ये तीन चेऱ्या. प्रत्येक चेरीतली बी देठाच्या बाजूनं काढायची, फळ फाटू द्यायचं नाही, आणि बीच्या रिकाम्या जागेत कडू चॉकलेटचा एक तुकडा सारायचा. मग त्या चेऱ्या पिठाच्या गोळ्यात बंद करायच्या. भट्टीतून निघालेला बन गरम असतानाच फोडला की आत चेरीचा रस आणि चॉकलेट एक झालेलं असे. लोक त्यासाठी दार उघडायच्या आधी येऊन उभे राहत.

बी काढायचं काम तिचं. त्यासाठी तिनं केसांचा एक आकडा वाकवून घेतला होता. तिच्यासमोर एक लाकडी पाट असे, त्यात बहात्तर खळगे, एकेका खळग्यात एकेक चेरी. मांडीशी बियांचं वाडगं. पाट भरला की ती वाडगं उपडं करून बिया मोजायची. बहात्तर भरल्या तर पाट पुढे जाई. एकाहत्तर भरल्या तर सगळ्या चेऱ्या पुन्हा एकेक करून दाबून बघायच्या, मग बाहेर रांग कितीही लागलेली असो. मालकीण तोंडाची फटकळ. ती म्हणे, ‘‘बहात्तर बिया आणि बहात्तर रोगांची ही बाई. हिच्या मोजणीपायी माझी गिऱ्हाइकं उभ्या उभ्या म्हातारी होतील.’’ पण ती पाटाला हात लावत नसे. पंचवीस हंगामांत चेरीच्या बनमध्ये कुणाच्या दाताखाली बी आली नव्हती, आणि ते कुणामुळे हे मालकिणीला पक्कं ठाऊक होतं.

मोजणी ही खरं तर शेवटची खात्री. खरं काम बोटांचं होतं. आकडा बीला टेकला की तारेतून तिच्या बोटाला कळायचं. बी सुटली की कळायचं, अर्धवट तुटून आत राहिली तरी कळायचं. आणि जुळ्या चेऱ्याही बोटांनाच कळायच्या. आदला उन्हाळा फार तापला की पुढच्या वर्षी झाडं जुळी फळं जास्त धरतात. त्यातल्या काही सरळ दिसतात, दोन गाल असावेत तशा. पण काही एकमेकींत इतक्या मुरलेल्या असतात की फळ फक्त जरा रुंद वाटतं. साल एकच आणि मधे केसाएवढी शिवण. काळसर लाल फळावर ती शिवण डोळ्यांना दिसत नाही. आत मात्र बिया दोन. म्हणून दुकानाचा नियमच होता, जुळी चेरी बनमध्ये जायची नाही, ती सॉसच्या पातेल्यात टाकायची. तो सॉस उकळून चाळणीतून गाळत आणि चॉकलेटच्या पॅनकेकवर ओतत. बिया चाळणीत राहत, तेव्हा तिथे कितीही असल्या तरी बिघडत नसे.

ती या पाटाशी येऊन बसली तेव्हा तिची लेक सहा महिन्यांची होती. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी गेला आणि तिकडचाच होऊन राहिला. लेकीला चॉकलेटच्या रिकाम्या खोक्यात झोपवून तिनं पहिला हंगाम काढला. त्याच वर्षी तिनं मनाशी एक गाठ मारली होती, ही पोर या पाटाशी बसणार नाही. स्वतःच्या कामाची तिला लाज होती असं नाही. उलट आपल्या हाताला आहे तसा हात दुसऱ्या कुणाला नाही, हा तोरा तिच्यात होताच. पण पहाटे चारला उठून, कमरेत वाकून, हंगाम संपेपर्यंत काळीजांभळी बोटं घेऊन जगणं आपल्यापाशी संपावं, एवढं तिला वाटत होतं. आणि ते तिनं केलं. लेक शिकली. रेल्वेनं एक रात्र लागते अशा एका शहरात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली. कुठल्या विहिरीत काय उतरलंय, कुठल्या नळाचं पाणी मुलांना देऊ नये, हे तिची लेक सांगत असे आणि तिच्या सहीचा कागद लोक मानत. बहात्तरनं हे दुकानात इतक्या वेळा सांगितलं होतं की तव्यावरची बाई म्हणे, ‘‘कळलं गं, आता पाणी तिला विचारून वाहतं.’’

मागच्या वर्षीच्या थंडीत तिच्या छातीत गाठ निघाली.

लेक बिनपगारी रजा घेऊन आली. दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जायचं, खुर्चीवर हात टाकून बसायचं, औषधाची बाटली थेंबथेंब अंगात उतरायची. अशा बारा बाटल्या. केस गेले, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिसऱ्या बाटलीनंतर बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. चौथीनंतर चहाच्या कपाचा चटका लागेना.

डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या, पण दर खेपेला विचारायच्या. ‘‘मावशी, बोटांना मुंग्या येतात का? बटणं लावता येतात ना?’’

‘‘येतात की लावता. मुंग्याबिंग्या काही नाहीत.’’

त्याला कारण होतं. शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसायची. तिनं खरं सांगितलं होतं आणि पुढच्या खेपेपासून तिचं औषध कमी केलं. तीन महिन्यांनी ती खुर्ची रिकामी दिसली. बाई बरी होऊन घरी गेली की गेलीच, हे कुणाला माहीत नव्हतं, पण बहात्तरनं जे समजायचं ते समजून घेतलं. औषध पूर्ण घ्यायचं. एक थेंब कमी होऊ द्यायचा नाही. आपण गेलो तर पोरीला माहेर म्हणून दार राहणार नाही, हा एकच किडा डोक्यात होता. बोटं काय, येतील नंतर.

गाठ गेली. बोटं आली नाहीत. थंडीत हातमोजे घालून वस्तू धरावी तसं तिला सगळं लागायचं, आणि हातमोजे काही केल्या निघत नव्हते. बाकी ती धडधाकट दिसत होती. केस आले, गाल भरले. मालकीण म्हणाली, ‘‘यंदा पाट तुझाच. गेल्या हंगामात ती यंत्रावर बिया काढलेली चेरी आणली, लोकांनी तोंडं वेडीवाकडी केली.’’

लेकीच्या ऑफिसातून शेवटचं पत्र आलं होतं. सोमवारपर्यंत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. तो सोमवार हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात येत होता.

‘‘तुझे हात पूर्वीसारखे झाले असले तर जाते,’’ लेक म्हणाली. ‘‘नसले तर स्पष्ट सांग. मला फसवू नकोस.’’

‘‘तुला कशाला फसवू? उद्या बघ तू दुकानात येऊन.’’

‘‘उद्याचं उद्या. आधी सुईत दोरा ओवून दाखव.’’

ही परीक्षा होणार हे बहात्तरनं आठ दिवस आधीच ओळखलं होतं. लेक बाहेर गेली असताना खिडकीत बसून, घामाघूम होऊन, तासाभरात तिनं तीन सुया ओवून ठेवल्या होत्या. ती आतल्या खोलीत गेली, डब्यातली एक सुई घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘हं, ही घे. एवढ्यासाठी माझी भाजी करपवलीस.’’

लेकीनं सुई उजेडात धरून पाहिली. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग रविवारचं तिकीट काढलं.

तेव्हापासून बहात्तरला झोप अशी लागलीच नाही. रविवारपर्यंत निभावून न्यायचं, एवढं एकच काम. लेक एकदा गाडीत बसली, कामाला लागली, की पुढे दुकानात काय व्हायचं ते होवो. पाट सुटला तरी चालेल. लेकीला कळायला महिने जातील आणि तोवर तिची जागा पक्की झालेली असेल.

जे बोटांना कळत नव्हतं ते ती डोळ्यांनी करायला शिकली. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन दिव्याखालची जागा धरायची. आकडा आत घातला की बी सुटली की नाही हे कळेना, म्हणून प्रत्येक चेरीत तो दोनदा घालायची. वेळ दुप्पट लागे, म्हणून अर्धा तास आणखी आधी यायची. चॉकलेटचे तुकडे करताना बोट कापलं तर रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नसे, म्हणून डाव्या हाताच्या बोटांना तिनं चिकटपट्ट्या लावल्या आणि सांगितलं, चेरीच्या डागांचा कंटाळा आलाय. तव्यावरची बाई म्हणाली, ‘‘पंचवीस वर्षांनी? आता काय पोरीच्या साहेबाला हात दाखवायला जाणार आहेस?’’ सगळे हसले. तीही हसली.

आणि मोजणी तर होतीच. बोटांनी दगा दिला तरी हिशेब दगा देणार नाही, यावर तिचा सगळा भरवसा होता. बहात्तर भरल्या की तिचा जीव भांड्यात पडायचा. मग पुढचा पाट.

लेकही रोज दुकानात येत होती. घरी बसून काय करू म्हणायची आणि गिऱ्हाइकांना बशा नेऊन द्यायची. खरं तर ती आईवर नजर ठेवून होती. बहात्तरला तिची नजर पाठीवर कळायची. पाठीला अजून सगळं कळत होतं.

गुरुवारी खोकी उशिरा आली. फळ सुरेख होतं, काळंभोर आणि ताठ, पण जुळ्या फार. ठळक होत्या त्या तिनं डोळ्यांनीच वेचून पातेल्यात टाकल्या. बाहेर माणसं उभी राहिली होती. मालकीण दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, ‘‘अगं बहात्तर, आज मुहूर्त आहे की नाही?’’

‘‘झालंच, बाई. मोजते आणि देते.’’

तिनं वाडगं उपडं केलं. दहाचे सात ढीग लावले. वर दोन उरल्या. पुन्हा एकदा मोजल्या. बहात्तर. पाट पुढे गेला, चेऱ्या पिठात बंद झाल्या, ट्रे भट्टीत गेला. थोड्या वेळानं दुकानभर तो वास सुटला, चॉकलेट कडेला जरासं जळतं तेव्हाचा. तो वास आला की तिला वर्षानुवर्षं भूक लागत आलेली. आज तिनं नुसता हात पुसला. शुक्रवार, शनिवार. दोन सकाळी राहिल्या.

खिडकीशेजारच्या टेबलापाशी मास्तर बसत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. बायको वारल्यापासून ते रोज नाश्त्याला इथे येत आणि चेरीच्या दिवसांत एक बन खात, सावकाश, सुरीनं कापून, परीक्षेचा पेपर तपासावा तसे. लेकीला त्यांनीच अपूर्णांक शिकवलेले. त्या दिवशी लेकीनंच त्यांच्यापुढे बशी ठेवली.

‘‘रविवारी निघालीस म्हणे,’’ ते म्हणाले.

‘‘हो. आईचे हात आता ठीक आहेत.’’

‘‘ते मला रोज कळतंच की,’’ असं म्हणून त्यांनी घास घेतला.

आवाज फार मोठा झाला नाही. वाळकी काटकी मोडावी तेवढा. पण लेक दोन पावलं पुढे गेली होती ती थांबली. मास्तरांनी रुमाल तोंडाला लावला. रुमालात आधी लाल दिसलं आणि सगळ्यांना तो चेरीचा रस वाटला. मग त्यांनी रुमाल टेबलावर उघडला. त्यात अर्धा दात होता, आणि चॉकलेटनं माखलेली एक बी.

‘‘असू दे,’’ मास्तर म्हणाले. बोलताना त्यांचा शब्द निसटत होता. ‘‘हलतच होता तो. असू दे, कुणी काही बोलू नका.’’

मालकिणीनं त्यांना पाणी दिलं, दंतवैद्याकडे न्यायला दूधवाल्याला थांबवलं. मग ती मागे आली. बहात्तर पाटाशी उभी होती. दुसऱ्या पाटाला अजून हात लागला नव्हता.

‘‘मोजल्या होत्यास?’’

‘‘दोनदा मोजल्या. बहात्तर होत्या.’’

वाडगं तिथेच होतं. मालकिणीनं स्वतः मोजल्या, खालचा ओठ चावत. दहाचे सात ढीग आणि वर दोन.

‘‘आहेत खऱ्या बहात्तर. मग ही त्र्याहत्तरावी आली कुठून?’’

जो तो तर्क लढवू लागला. तव्यावरची बाई म्हणाली, चॉकलेटवाल्याकडूनच आली असेल, त्याच्याकडे काहीही निघतं. मास्तरांना न्यायला थांबलेला दूधवाला हळूच म्हणाला, त्यांनीच खिशातून आणली असेल, म्हातारपणी माणूस काय करेल सांगता येत नाही. मालकीणही शेवटी म्हणाली, ‘‘हिनं पंचवीस हंगामांत चूक केली नाही ती आज कशी करेल? हिशेब तर समोर आहे. सोड. दुसरा पाट भर.’’

म्हणजे ती सुटली होती. तिच्या मोजणीनं तिला सोडवलं होतं. ती खाली बसली आणि तिनं आकडा हातात घेतला. हातात आहे हे कळायला तिला त्याच्याकडे बघावं लागलं.

लेक मात्र ट्रेकडे वळली. पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून एकेक थेंब पारखणारी ती पोर. तिनं त्या ट्रेमधले राहिलेले बन बाजूला काढले, कुणाला देऊ दिले नाहीत, आणि मागच्या कट्ट्यावर एकेक उघडून पाहिला. अकराव्या बनमध्ये तिला एक रुंद चेरी मिळाली. शिजून मऊ झालेली, तरी मधली शिवण शाबूत. एका अंगाला चॉकलेट, दुसरं अंग पोकळ. दोन घरं. दोनदा आकडा घातला म्हणून दोन बिया निघाल्या होत्या, आणि त्या दोन्ही वाडग्यात मोजल्या गेल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या तरी चेरीतली एक निघालीच नव्हती. एक जास्त, एक कमी. बेरीज बरोबर.

तिनं ती चेरी कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

घरी आल्यावर लेकीनं जेवणबिवण काही केलं नाही. टेबल पुसलं. पिशवीतून पाच चेऱ्या काढून ओळीनं मांडल्या.

‘‘आई, बस. डोळे मीट.’’

‘‘हे काय चाललंय तुझं? मला भूक लागलीय.’’

‘‘डोळे मीट ना. यातल्या चार साध्या आहेत, एक जुळी आहे. तू मला लहानपणी दाखवायचीस तसं सांग, कुठली ते.’’

बहात्तरनं डोळे मिटले. पहिली चेरी उचलली. बोटांत काहीतरी गोल आहे एवढं कळलं, तेही मनगटाला वजन लागलं म्हणून. दुसरी उचलली. तिसरी. अंदाजानं एक सांगून टाकावी, पाचात एक तरी बरोबर यायची शक्यता आहे, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. सुयांच्या वेळी जमलं होतं. चौथी चेरी तिच्या हातून निसटली आणि जमिनीवर पडली. पडली हेसुद्धा तिला आवाजावरून कळलं.

‘‘मला नाही गं कळत,’’ ती म्हणाली. डोळे तिनं मिटलेलेच ठेवले.

‘‘कधीपासून?’’

‘‘तिसऱ्या बाटलीपासून.’’

लेकीनं पडलेली चेरी उचलून ओळीत ठेवली. मग म्हणाली, ‘‘डॉक्टरीणबाई दर वेळी विचारत होत्या. माझ्यासमोर विचारत होत्या. मी शेजारी बसून ऐकत होते आणि तू हसून नाही म्हणत होतीस.’’

‘‘हो म्हटलं असतं तर औषध कमी केलं असतं.’’

‘‘कमी केलं असतं तर बोटं राहिली असती, आई.’’

‘‘आणि मी राहिले नसते तर?’’

‘‘हे तुला कुणी सांगितलं? त्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं? ती तिच्या बहिणीकडे राहायला गेली होती. मला भेटली बाजारात. दोनदा.’’

बहात्तरनं डोळे उघडले. ती हातांकडे बघत राहिली. बोटांवर चिकटपट्ट्या होत्या आणि एका पट्टीखालून रक्त येत होतं, सकाळपासून येत असावं.

लेकीनं पट्टी काढली, बोट धुतलं, नवी पट्टी बांधली. ती रागात असली की हळुवार काम करते, हे लहानपणापासूनचं होतं.

‘‘तू रविवारी जा,’’ बहात्तर म्हणाली. ‘‘बाईंना मीच सांगते. मला सॉसच्या पातेल्याशी बसवतील. तिथे बोटांचं काही काम नाही.’’

‘‘उकळत्या सॉसशी? चटका लागलेला कळत नाही तुला.’’

‘‘मग घरी बसेन. तू जा.’’

‘‘घरी बसून स्वयंपाक कोण करणार? गॅस कोण बंद करणार? मला तिकडे रात्री झोप लागेल असं वाटतं तुला?’’

‘‘पाया पडते तुझ्या. जा.’’

‘‘सुई ओवून दाखवलीस त्या दिवशी खरं सांगितलं असतंस ना, तर काहीतरी केलं असतं. कुणाला तरी सोबतीला ठेवलं असतं, तुला तिकडे नेलं असतं, खोली शोधली असती. आता तीन दिवसांत काय करू?’’ लेक उठली. तिच्या आवाजात राग संपून गेला होता आणि तेच ऐकवत नव्हतं. ‘‘राहू दे. बॅग काढून ठेवते माळ्यावर.’’

शुक्रवारी दुकान बंद झाल्यावर लेकीनं मालकिणीला सगळं सांगितलं. एरवी फटकळ असलेली मालकीण त्या दिवशी नुसती पदरानं पाट पुसत राहिली, तो पुसायची गरज नसताना. मग म्हणाली, ‘‘हंगामाचे अजून अडीच आठवडे आहेत. पाटाशी कुणीतरी हवं. तुझ्या ओळखीचं कुणी आहे का, हात चांगला असलेलं?’’

‘‘तोवर मी बसते,’’ लेक म्हणाली. ‘‘काहीतरी करायला हवंच ना मला.’’

बहात्तर शेजारी उभी होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी प्रयोगशाळेत लेकीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याच सोमवारी पहाटे लेक पाटाशी येऊन बसली. केस घट्ट बांधलेले, बाह्या दुमडलेल्या. बहात्तर तिच्या बाजूला एका उलट्या खोक्यावर बसली. शिकवायला.

देठ कसा खुडायचा हे तिनं सांगितलं. आकडा किती तिरका धरायचा तेही. चॉकलेट तळहातावर ठेवायचं नाही, ऊब लागते, आणि चेरी पिठात जाण्याआधी कोरड्या मैद्यात घोळायची, नाहीतर रस पिठाला फोडतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. लेक ऐकत होती आणि करत होती. तिनं दोन-तीन चेऱ्या फाडल्या, मग फाडल्या नाहीत.

‘‘आता शिवण,’’ लेक म्हणाली. ‘‘ती कशी लागते? नख लागल्यासारखी? की धाग्यासारखी?’’

‘‘थांब, सांगते.’’

बहात्तरनं हातात एक जुळी चेरी घेतली. अंगठा फिरवला. ती आठवायला लागली. पंचवीस हंगाम, रोज आठ पाट. ते जे लागायचं ते खरबरीत होतं का? की उलट जास्तच गुळगुळीत? गार होतं का? तिनं डोळे मिटून पाहिलं, पाटाची कड दाबून पाहिली. दुकान आठवत होतं, लेकीचं खोकं आठवत होतं, मालकिणीच्या शिव्या शब्द न् शब्द आठवत होत्या. शिवण आठवेना. बोटांनी जाताना तीही बरोबर नेली होती.

‘‘लागते,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘फिरवत राहा. लागेल.’’

लेकीनं तिच्याकडे पाहिलं. ओंजळभर चेऱ्या पुढ्यात ओढल्या. एक घेऊन फिरवली, पाटात ठेवली. दुसरी फिरवली. सातवी का आठवी होती. तिचा अंगठा थांबला, थोडा मागे गेला, पुन्हा त्याच जागी आला. डोळे चेरीकडे नव्हतेच, समोर खिडकीबाहेर उजाडत होतं तिकडे होते. तिनं ती चेरी न बघता सॉसच्या पातेल्यात टाकली.

‘‘आलं, आई,’’ ती म्हणाली. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं. ‘‘बाई गं, किती बारीक असते ही. आणि लागते तर खरंच लागते.’’

बहात्तरनं पातेल्यात वाकून पाहिलं. जुळी होती. लेकीनं तोवर आणखी एक टाकली होती. तीही जुळी. मालकीण दारात येऊन उभी होती. तिनं पाहिलं आणि मान डोलावली.

‘‘रक्तातच आहे,’’ मालकीण म्हणाली. ‘‘पुढच्या हंगामाची चिंता मिटली म्हणायची.’’

लेकीचा हात चांगला होता. आपल्यापेक्षाही चांगला, हे पंचवीस हंगाम काढलेल्या माणसाला चार चेऱ्यांत कळलं. एखादी आई यावर सुखावली असती. बहात्तर उलट्या खोक्यावर बसून राहिली आणि लेकीच्या बोटांची टोकं एकेक करून काळीजांभळी होताना बघत राहिली.